"मॅडम, फोटो निंघना का?"

शिक्षण विभागातल्या वरिष्ठांना एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
खान्देशातल्या जिल्हा परिषद शाळांचा कारभार पाहणारे सर्व वरिष्ठ,
केंद्रप्रमुखांपासून थेट वरपर्यंत

सप्रेम नमस्कार.

एका शनिवारी परिपाठ आटोपला आणि मुलं व्हरांड्यात मांड्या घालून बसली. "डोळे मिटा, श्वास कसा येतो-जातो तेवढंच बघा," असं सांगून मी पर्समधून मोबाईल काढला. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक शाळेच्या नावाची पाटी दिसेल असा. तिसऱ्या फोटोच्या वेळी पहिल्या रांगेतल्या चौथीच्या पोराने एक डोळा किलकिला केला आणि विचारलं, "मॅडम, फोटो निंघना का? आते डोया उघाडूत का?"

सगळी रांग फिस्सकन हसली. मीही हसले. फोटो ग्रुपवर गेला, खाली ओळ टाकली, 'आनंददायी शनिवार, ध्यान व प्राणायाम, पट ३४, उपस्थित २९.' मिनिटाभरात वरून अंगठा आला. ध्यान म्हणाल तर चाळीसेक सेकंद झालं असेल, आणि तेही मुलांचंच. मी कॅमेरा धरून उभी होते.

त्या पोराचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. त्याच्या लेखी डोळे मिटायचे ते फोटोपुरते, जशी १५ ऑगस्टला गांधीटोपी घालायची तसे. हे त्याला शिकवलं कोणी? मीच.

आता पुढच्या सत्रात शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं प्रशिक्षण लागणार, असं मागच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कानावर आलं. खरं असेल तर ते लागायच्या आधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं. मागणं शेवटासाठी राखून ठेवत नाही, आताच सांगून टाकते. शाळा भरल्यापासून पहिला अर्धा तास आमचा फोन बंद राहू द्या, आणि त्या अर्ध्या तासात वर्गात जे होईल त्याचा कसलाही पुरावा मागू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही म्हणाल, बाईंना ध्यानाचं वावडं दिसतंय. तसं नाही. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले. घरच्यांना वाटलं, फराळाच्या कामातून सुटायला चाललीय. तेही अगदीच खोटं नव्हतं. तिथे मौन असतं, फोन जमा करून घेतात आणि पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकपुडीशी श्वास येतोय, जातोय, तेवढंच बघत बसायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला कळलं की माझा जबडा आवळलेला आहे. वर्गात असते तेव्हाही तो असाच असतो, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ते कधी ठाऊकच नव्हतं. एवढंच घेऊन आले. समाधी वगैरे काही लागली नाही, गुडघे मात्र सपाटून दुखले.

सजगता म्हणजे मन एका जागी ठेवणं, असं पुष्कळांना वाटतं. मन एका जागी राहतच नाही. ते पहिलीतल्या पोरासारखं आहे. पाणी प्यायला म्हणून जातं आणि नळाशीच रमतं. त्याला हाक मारून परत आणायचं, न रागावता. पुन्हा जाईल, पुन्हा आणायचं. 'गेलं होतं' हे लक्षात येणं आणि परत आणणं, व्यायाम म्हणतात तो इतकाच. यात शरीराचाही हिशेब आहे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. म्हणून श्वास सावकाश, लांबवर सोडला की छातीतली धडधड उतरते. घाबरलेल्या माणसाला आपल्या आज्या 'दम खा जरा' म्हणायच्या, ते काही उगीच नाही. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथून 'माइंडफुलनेस' हा शब्द जगभर फिरला आणि फिरून आपल्या दारात आला. आपल्या राज्यातल्या शाळांत 'मित्र' उपक्रमातून आनापान शिकवलं गेलंच होतं. म्हणजे वस्तू नवी नाही. तिला फॉर्म जोडला जातो तिथे घोटाळा होतो.

माझी एक चूक सांगते. सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

अपार आयडीचे दिवस होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा आकडी ओळख क्रमांक तयार करायचा, आणि त्यासाठी शाळेच्या नोंदीतलं नाव आधारशी तंतोतंत जुळायला हवं. आमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे एकाच मुलाचं आडनाव रजिस्टरला पावरा आणि आधारला पवार. जन्मतारीख तर कित्येकांची १ जून किंवा १ जानेवारी. अकराच्या आत माहिती भरायची होती. आमच्याकडे नेट मिळतं ते खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणून मी गजाला चिकटून उभी. पोर्टलवरचं चक्र कसंबसं फिरायला लागलं होतं. दुसरीतला एक मुलगा मूठ आवळून शेजारी येऊन उभा राहिला.

"मॅडम..."

"थांब."

"मॅडम, देखा ना..."

राग आला की माझी प्रमाण मराठी सुटते आणि माहेरची अहिराणी बाहेर पडते. "उगामुगा बठ!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा आवाज थांबला.

तो जाऊन बसला. मूठ तशीच. दुपारी खिचडी वाढताना त्याची मोठी बहीण सहज म्हणाली, "मॅडम, याना दात पडना." समोरचा दात. तो मला दाखवायला आणला होता. मी त्याला जवळ घेतलं, म्हटलं, दाखव की. तर म्हणाला, "आते नही शे." त्याने तो एकट्यानेच शाळेच्या पत्र्यावर फेकून दिला होता.

मी हात उगारला नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे आणि ती मी पाळत आले आहे. पण कलमात न बसणारं किती तरी वर्गात रोज घडतं, आणि त्याची नोंद कुठल्याच पोर्टलवर होत नाही. त्या क्षणी माझा जबडा आवळलेला होता का? असणारच. मला तो जाणवला नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या फिरणाऱ्या चक्रात होतं.

आता तुम्हीच सांगा, त्या आठवड्यातल्या शनिवारी मी मुलांना 'मन शांत ठेवा' म्हणाले असेन तर त्या पोराला काय वाटलं असेल?

दुसऱ्या बाजूचंही मला दिसतं. केंद्रप्रमुखांना वरून साडेदहाला 'आजच' असा मेसेज येतो, म्हणून ते आम्हाला दहा पस्तीसला 'आत्ताच' असा पाठवतात. त्यांच्याकडे एक नाही, कितीतरी शाळा. त्यांच्या वरच्यांनाही कोणी तरी विचारत असणार. ही घाई नेमकी कुठून सुरू होते ते कोणालाच सांगता येत नाही, संपते मात्र ती दुसरीतल्या पोराच्या मुठीवर. कायद्याच्या कलम २७ने शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. पण लिंक भरणं हे कुठलं काम, शैक्षणिक की अशैक्षणिक, हा वाद घालत बसलं तर लिंकची मुदत संपते.

त्यात आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं. निकालावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण आमच्या द्विशिक्षकी शाळेतले दुसरे सर पन्नाशीला आलेत आणि मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवत बसतात. परवा ते मला मोठ्याने पर्याय वाचून दाखवत होते, बालकाच्या भावनिक विकासावर सर्वाधिक प्रभाव कशाचा, आणि नेमकी त्याच वेळी दारात दोन बालकं एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. सर पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "ए, चालू द्या तुमचं बाहेर." नंतर आम्ही दोघंही हसलो. रात्री दोन-दोनला जाग येते, असं मात्र ते हसत सांगत नाहीत.

म्हणून म्हणते, मुलांच्या आधी शिक्षकाचं बघा. हे माझं एकटीचं मत नाही. ब्रिटनमध्ये शाळांतल्या माइंडफुलनेसचा एक फार मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२मध्ये आले. ऐंशीहून अधिक शाळा, आठ हजारांवर मुलं. शिक्षकांनी आधी स्वतः आठ आठवडे शिकायचं, मग मुलांना शिकवायचं. नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा या तासांनी मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही जास्तीची भर पडली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. फरक दिसला तो शिक्षकांत, त्यांचा थकवा कमी झाला आणि शाळेतलं वातावरण सुधारलं. वर्षभरानंतर तोही परिणाम ओसरत गेला. एवढा पैसा आणि एवढी माणसं लावून तिथे जे कळलं ते आपण फुकटात घेऊ शकतो. तास लावून मुलं शांत होत नाहीत. शिक्षकाला मात्र उसंत मिळाली तर वर्गाची हवा थोडी बदलते, आणि उसंत काढून घेतली की पहिल्यासारखी होते.

प्रशिक्षण लावायचंच असेल तर निमित्तही हातात आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा, त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं, आणि सगळ्या शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्यायचं. आमचा पट ३४. सातपुड्याच्या कुशीतल्या बहुतेक पाड्यांवरच्या शाळा या 'त्याहून लहान'मध्येच जातात. तेव्हा आमच्यासाठी तो बाहेरचा तज्ज्ञ कोण, तो कुठल्या वारी कुठे भेटेल, एवढं एका कागदावर लिहून द्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी ऑफिसच्या भिंतीवर पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी लिहून ठेवला आहे. मुलांसाठी लिहिला होता. सरांनी तो त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला मी पाहिला.

आणि ती दोन प्रशिक्षणं कृपा करून व्हिडिओ लिंकवर उरकू नका. शंभर शिक्षक म्यूट करून घरकाम करतात, मीही केलं आहे. भाकऱ्या थापत सकारात्मक विचारसरणीवर व्याख्यान ऐकलं आहे. त्यापेक्षा अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिराच्या आवारात एक दिवस बसवा. १९१६पासून ती संस्था आपल्या खान्देशात उभी आहे, एके काळी देशभरातून लोक तिथे तत्त्वज्ञान शिकायला येत. त्याच गावात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुण्यापासून खोल्या झाडण्यापर्यंत सगळं करत. त्यांचं नाव आपण २४ डिसेंबरला भाषणात घेतो. त्यांच्याकडे मुलांकडे बघायला वेळ होता, ही गोष्ट भाषणात येत नाही.

आता मुलांविषयी, कारण मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी ही मुलं पाहिलेली असतीलच असं नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडची कित्येक पावरा आणि भिल्ल कुटुंबं गुजरातेत नाही तर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात, ती थेट अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परततात. काही मुलं आजीपाशी राहतात, काही बरोबर जातात. मागे एक मुलगा असाच चार महिन्यांनी वर्गात आला. टोळीबरोबर राहिलेला, पहाटे तीनला उठायची सवय झालेली. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि दुसऱ्या मिनिटाला तो भिंतीला टेकून घोरायला लागला. बाकीची खुसखुसली. मी त्याच्या डोक्याखाली दप्तर सरकवलं आणि तासभर उठवलं नाही. ध्यानाच्या तासाचा त्या वर्षातला सगळ्यात चांगला उपयोग तोच झाला, असं मला आजही वाटतं. तपासणीच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

काही मुलं डोळे मिटायलाच तयार नसतात. ज्यांच्या घरी रात्री दारूवरून गोंधळ होतो ती मुलं मी आता ओळखते. मिटले तरी पापण्या फडफडत राहतात आणि कान दाराकडे. अशांना 'डोळे मिटा' म्हणून दरडावणं याच्यासारखा जाच नाही. त्यांना मी सांगते, उघडे ठेव, फळ्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघ. कोणी तेवढंही करत नाही, पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसतं. बसू देते. आणि उपाशीपोटी आलेल्या पोराला श्वास बघायला लावू नका. त्याला श्वास दिसत नाही, खिचडीच्या पातेल्याचा वास येतो. मार्चपासून पुढे पत्र्याखालच्या वर्गात अकराच्या नंतर तर कसलीच सजगता नको, जळगाव-भुसावळच्या उन्हात तेव्हा फक्त माठ आणि सावली.

मला विचाराल तर आम्हाला मॉड्यूल नकोच आहे. त्या दाताच्या प्रकरणानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, कोणे एके काळी कोणी तरी भुसावळहून आणलेला, निंबाच्या फांदीला तारेने टांगलाय. परिपाठ झाला की एकच टोल द्यायचा. मुलांनी ऐकत राहायचं आणि आवाज ऐकू येईनासा झाला की हात वर करायचा. डोळे मिटा नाही, उघडे ठेवा नाही. मी पण ऐकते, आणि ऐकताना जबडा सैल सोडते. मिनिटही लागत नाही. मात्र त्या मिनिटात पर्समध्ये फोन थरथरला तर सगळं संपतं, मुलांचं नाही, माझं. हात आपोआप पर्सकडे जातो. म्हणून तो अर्धा तास मागते आहे.

तुम्ही या एकदा. आधी कळवू नका, नाही तर सर व्हरांडा धुऊन घेतील आणि मी रांगोळी काढत बसेन. गाडी जरा लांब, चिंचेखाली लावा. मागच्या भिंतीशी बसा, कोणी बघणार नाही. पहिले दोन-चार हात लगेच वर जातील, ती पोरं नेहमीच घाईची. मग हळूहळू बाकीचे. शेवटी पाड्यावरून येणारी एक तिसरीतली मुलगी उरते, तिचा हात खालीच. आधी मला वाटलं, हिला मराठीतून सांगितलेलं कळलं नाही. दोन दिवस तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी मी तिला खुणेनेच विचारलं, का गं? तिने नुसतं रुळाकडे बोट केलं.

मी जाऊन रुळाला बोट लावलं. तो अजून थरथरत होता.

आपली नम्र,
सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिल्हा परिषद शाळेतली उपशिक्षिका